शाळेच्या अंगणातील हरळी

मोठ्या रस्त्यांच्या उतारांवर बी, खत व पाणी यांचा काला यंत्राने फवारून गवत उगवितात. शाळेच्या अंगणास यंत्र नको. हरळीचे बोटभर तुकडे एक टोपली, ताजे शेण एक टोपली व चाळलेली माती दोन टोपल्या, हे सर्व पाण्यात कालवून ओल्या जमिनीवर इंचभर थर द्यावा.

वाशीम जिल्ह्यात हा प्रयोग फसतो तो बहुधा काळ्या मातीमुळे. सखल जागी पाणी साचले की कोंब पिवळे पडतात. तेथे खत घालून उपयोग नाही. चर काढून पाणी वाटेस लावावे. उलट, पावसाने उघडीप दिली की हीच माती भेगाळते व कोवळी मुळे तुटतात. याकरिता थरावर सोयाबीनचे कुटार पातळ पसरून हलके दाबावे. पहिल्या सरीचा मारही त्यामुळे कमी बसतो.

लव्हाळा नुसता उपटून जात नाही, त्याची गाठ खणावी लागते. गाजरगवत फुलण्यापूर्वीच काढावे. त्याने अंगास खाज सुटते, म्हणून ते काम मुलांकडून मुळीच करवून घेऊ नये. शेजारी शेत असल्यास बांधालगत हातभर चर राखावा. हरळीच्या काशा वेचण्यात ज्याचे कित्येक उन्हाळे गेले, त्या शेतकऱ्यास हे कौतुक कसे रुचावे?

खरी अडचण वेळेची आहे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लावणीही तेव्हाच करावयाची असते. गवतासाठी मुलांचा खेळ बंद करणे योग्य नव्हे. अर्धे अंगण दोरी बांधून राखावे, अर्धे खेळास मोकळे ठेवावे व पुढील पावसाळ्यात पाळी बदलावी.