टाच अधांतरी ठेवा

म्हातारीचा खुबा मोडतो. तिला इस्पितळात नेतात. हाड सांधते, पण बाई घरी येते ती टाचेला जखम घेऊन. मग हाडाचे दुखणे ओसरते आणि टाच महिनोन् महिने भरत नाही. ही जखम पडून पडून होते. डॉक्टर तिला शय्याव्रण म्हणतात. वॉर्डात बेडसोर हा शब्द ऐकू येतो. ती सर्वांत जास्त माकडहाडावर होते. त्याच्या खालोखाल टाचेवर.

टाचेवरच का? आपलीच टाच मागून चाचपून पाहा. कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच. माणूस उताणा निजला की पायाचा भार त्या लहानशा जागेवर येतो. रक्ताच्या बारीक नळ्या दबतात. पाटाच्या तोंडाशी दगड ठेवला तर वाफ्याला पाणी मिळेल का? तसंच हे. रक्त पोचले नाही की कातडी मरू लागते. त्याला काही तासही पुरतात. आपल्याला रग लागली की आपण झोपेतही पाय हलवतो. पण ज्याच्या अंगावरून वारे गेले, जो बेशुद्ध आहे, त्याने पाय हलवावा कसा? साखरेच्या जुन्या आजारात तर पाय बधिर होतात. टाच दुखते हेच कळत नाही.

उपाय सोपा आहे. टाच गादीला टेकूच द्यायची नाही. एक उशी घ्या. ती पोटरीखाली लांबीच्या बाजूने ठेवा. सगळ्या पोटरीला आधार मिळाला पाहिजे. नुसत्या घोट्याखाली उशी ठेवली तर घोट्यामागची शीर दबते. गुडघा किंचित वाकलेला असावा. आता टाचेखालून हाताचा तळवा सरकवून पाहा. सहज गेला तर ठीक. उशी दबून चपटी होते, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावे. पायाचे ऑपरेशन झाले असेल तर आधी नर्सबाईंना विचारा.

गादी मऊ आहे, मग काळजी कशाला, असे काही जण म्हणतात. मऊ गादीवरही टाच दबतेच. कोणी कापडाची चुंबळ करून टाचेखाली देतात. चुंबळ हंड्याखाली बरी. टाचेखाली ती दिली की तिच्या कडेने रक्त अडते.

रोज दोन वेळा पायमोजे काढून टाचा पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर डाग फिका पडत नसेल तर आत इजा झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा. जागा गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते, किंवा रंग जांभळट दिसतो. लगेच नर्सबाईंना दाखवा. आजाऱ्याचे पाय चेपणे ही आपल्याकडे मोठी सेवा. पण अशी जागा रगडली तर इजा वाढते. फोड आला तर फोडू नये. काळी खपली ओढू नये. हळद, चुना काही लावू नये.

रोगी खाटेवर खाली घसरला तर त्याला ओढू नका. ओढताना टाच चादरीवर घासते. दोघांनी त्याच्याखालची चादर धरून उचलावे. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. रात्रीसुद्धा. दोघे सोबतीला असाल तर पाळी लावून घ्या.