डोक्यावरून घेण्यासाठी बॅटरीचे पाणी?

गेल्या महिन्यात एका दुपारी सासू-सुना दवाखान्यात आल्या. सुनेच्या कडेवर पाच महिन्यांचे बाळ आणि सासूबाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत जुन्या चिठ्ठ्या असतील असे मला वाटले. त्यांनी ती टेबलावर उलटी केली, तर मूठभर केसांचा गुंता बाहेर पडला.

"बाई, ही एका आठवड्याची कमाई बघा. केर काढताना नुसते केसच निघायलेत. हिचं माहेर कोकणात, तिकडचं पाणी मऊ. आमच्या बोअरच्या पाण्यानं केस खाल्ले म्हणायली."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. मग हळूहळू हकिगत बाहेर आली. लग्न होऊन दोन वर्षे झाली. आल्यापासूनच केस राठ झाले होते, पण गळायला लागले ते अलीकडे. नवऱ्याने कोणाकडून तरी ऐकले की डिस्टिल्ड वॉटरने केस धुतले तर गळती थांबते. तेव्हापासून तो दर रविवारी बॅटरीच्या दुकानातून पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणतो. दोन महिने झाले, गळती काही थांबली नाही. "लेकराचं दूध मोजून-मापून, आन् केसाला कॅनच्या कॅन," सासूबाईंनी एवढ्यात टोमणा मारून घेतला.

मला हसू आले नाही. का, ते पुढे सांगते. आधी पाण्याचे बघू.

आपल्या लातूर भागात पाणी जड आहे हे कोणी नव्याने सांगायला नको. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर चढतो, बादलीला आतून पांढरे पुट बसते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत, म्हणजे ज्यात फेस नीट होत नाही असे. जमिनीखालच्या खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, म्हणून ते असे होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००, सन २०१२) कठीणपणाची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. आपल्या बोअरचे पाणी किती जड आहे याची उत्सुकता असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे तपासून घ्या. तेवढी यातायात नको असेल तर एका बाटलीत अर्धी बाटली बोअरचे पाणी आणि दुसरीत तेवढेच पावसाचे पाणी घ्या, दोन्हीत नखाएवढा साबण किसून टाका आणि हलवा. एकीत फेस येईल आणि दुसरीत दह्याच्या कवडीसारखा साका दिसेल.

हाच साका केसांवर बसतो. साबणाने डोके धुणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. शाम्पूने साका होत नाही, फेस मात्र कमी होतो, म्हणून आपण आणखी शाम्पू ओततो. शिवाय केसावर उणे विद्युतभार असतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमवर अधिक, त्यामुळे क्षार केसाला धरून बसतात. केस राठ होतात, चमक जाते, कंगवा अडतो, गुंता होतो. गुंता ओढून काढताना केस तुटतात. सूनबाईंची राठपणाची तक्रार अगदी खरी होती. त्यांच्या माहेरच्या मऊ पाण्याची सवय झालेल्या केसांना हा फरक जाणवणारच.

आमच्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हते, पण मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की ती वळचणीखाली घागर लावायची. ते पाणी तिने नहाणासाठी राखून ठेवलेले असे. पावसाचे पाणी म्हणजे सूर्याने वाफ करून ढगात थंड केलेले पाणीच, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि डोक्याला ती रिठे-शिकेकाई वापरायची. रिठ्याचा फेस जड पाण्यातही साक्यात जात नाही, हे साबणाच्या जाहिरातींनी आपल्याला विसरायला लावले.

आता डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी. पाणी उकळून त्याची वाफ धरायची आणि थंड करून पुन्हा पाणी करायचे. क्षार मागे भांड्यात राहतात. आपल्याकडे ते मिळते ते मुख्यतः इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी, बॅटरीच्या दुकानात, काही पेट्रोल पंपांवर किंवा प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे. कित्येकदा कॅनवर डी. एम. वॉटर असे लिहिलेले असते. ते वाफेने नव्हे तर दुसऱ्या पद्धतीने क्षार काढलेले असते, केसांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या मात्र या कामाच्या नव्हेत, पाच-दहा मिलिलिटरमध्ये डोके कसे धुणार?

घरी करता येईल का, असेही एका भगिनीने विचारले. येईल, पण हिशेब करून बघा. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला घरच्या शेगडीवर जवळजवळ शंभर ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये फार तर दीडशे लिटर पाणी निघेल, स्वयंपाक बंद ठेवून. ए.सी.च्या नळीतून ठिबकणारे पाणीही क्षारविरहित असते, पण आतली धूळ, बुरशी त्यात उतरते. फरशी पुसायला वापरा, डोक्यावर नको.

आता जे सांगते ते नीट वाचा. बाकी लेख विसरलात तरी चालेल.

आपल्याकडे बॅटरीचे पाणी हा शब्द दोन वस्तूंना वापरतात. एक हे डिस्टिल्ड वॉटर आणि दुसरे बॅटरीचे ॲसिड, म्हणजे पाणी घातलेले गंधकाम्ल. दोन्ही त्याच दुकानात, पुष्कळदा सारख्याच कॅनमध्ये. दोन्हींना रंग नाही, वास नाही. दोन वर्षांपूर्वी एका गावातल्या बाईंनी मुलाला रिकामा कॅन देऊन बॅटरीचे पाणी आणायला पिटाळले. दुकानदाराला वाटले, ट्रॅक्टरची बॅटरी भरायची असेल. बाईंनी ते तांब्यात ओतताना हातावर उडाले आणि आग झाली, म्हणून त्यांनी तांब्या खाली टाकला. माझ्याकडे आल्या तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे होते आणि अंगावरच्या सुती साडीला चाळणीसारखी भोके पडत चालली होती. ते डोक्यावरून घेतले असते तर डोळ्यांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

तेव्हा घ्यायचेच असेल तर कंपनीचे सील असलेला, वर छापील लेबल असलेला कॅनच घ्या. सुटे भरून आणू नका, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच नाही. दुकानात बॅटरीचे पाणी असे न म्हणता डिस्टिल्ड वॉटर असे नाव घेऊन मागा. जरा शंका आली तरी वापरू नका. आणि चुकून ॲसिड अंगावर सांडलेच, तर भिजलेले कपडे काढून साध्या पाण्याच्या धारेखाली निदान वीस मिनिटे धुवा. सोडा, चुना, तूप, टूथपेस्ट काहीही न लावता दवाखाना गाठा.

आणलेले पाणी वापरायचे कसे? सगळे नहाण त्यात करायची काही गरज नाही. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यावे लागले, तिथे केसांना आठवड्याला दहा लिटर डिस्टिल्ड वॉटर हे मला तरी पटत नाही. नेहमीच्या पाण्याने शाम्पू किंवा शिकेकाई लावून केस धुवा आणि शेवटचा लिटर-दीड लिटर तेवढा मऊ पाण्याचा घ्या. तो डिस्टिल्डच हवा असेही नाही. आर.ओ. यंत्राचे पाणी, वीस लिटरच्या जारचे पाणी, साठवलेले पावसाचे पाणी, यांतले घरात असेल ते चालते. यातले काहीच नसेल तर पाणी दहा मिनिटे उकळून झाकून ठेवा, थंड झाल्यावर तळाचा साका न ढवळता वरचे निवळ पाणी घ्या. त्याने काही क्षार जातात, सगळे जात नाहीत. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नव्हे. केस फारच चिकट झाले असतील तर पंधरवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून केसांवरून ओता आणि लगेच धुवून टाका. डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोक्यात जखम किंवा खरूज असेल तर करू नका.

आणखी एक. आर.ओ.च्या यंत्रातून जे पाणी बाहेर फेकले जाते ते काटकसर म्हणून आंघोळीला घेणारी घरे मी पाहिली आहेत. पाणी वाचवण्याची बुद्धी चांगली, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. ते संडासात, फरशीला वापरा.

इतके करून केस मऊ होतील. गळायचे थांबतील का? कोइमतूरच्या डॉक्टरांनी केसांचे नमुने घेऊन महिनाभर काही जड पाण्याने आणि काही डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पाहिले. २०१३ साली त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला, केसांच्या ताकदीत लक्षात घेण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. पुढे २०१८ साली पाकिस्तानातल्या डॉक्टरांना मात्र जड पाण्याने केस कमजोर होतात असे आढळले. म्हणजे केस तुटण्याबद्दल अजून दोन मते आहेत. पण दोन्हीकडे प्रश्न केसाच्या दांडीचा होता. मूळ कातडीच्या आत असते, तिथून केस सुटतो तो शरीराच्या आतल्या कारणांनी.

तुटलेला आणि गळलेला केस ओळखणे सोपे आहे. फणीतले दहा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला, नसेल तर मधेच तुटलेला. सासूबाईंच्या पिशवीतल्या केसांना जवळपास सगळ्यांना गाठ होती. रोज पन्नास ते शंभर केस गळणे तर निरोगी माणसालाही लागू आहे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, टायफॉईड-डेंग्यूसारख्या तापानंतर साधारण तितक्याच काळाने, ते एकदम वाढते. याखेरीज रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार, उपासमार करून वजन उतरवणे ही कारणे.

मला हसू का आले नाही, ते आता सांगते. सहा वर्षांपूर्वी एक शिक्षिका हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. दवाखान्यात गर्दी होती. मी त्यांच्या केसांना हात लावला, राठ लागले. "बोअरचे पाणी आहे ना? पाणी बदला," एवढे सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या बाई सरळमार्गी. चार महिने त्यांनी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन रिक्षातून घरी नेले. पाचव्या महिन्यात शाळेचा जिना चढताना चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन ६.८ निघाले. पाळीत दोन वर्षांपासून फार रक्तस्राव होत होता आणि गर्भाशयात गाठ होती. ते मी विचारलेच नव्हते आणि बाईमाणूस आपणहून कशाला सांगेल? शस्त्रक्रिया झाली, रक्त भरून आले, सात-आठ महिन्यांनी केसही आले. त्या अजून माझ्याकडेच येतात. त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागते.

तेव्हापासून केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीची मी आधी पापणी खाली ओढून बघते आणि पाळीचे विचारते. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. बारापेक्षा कमी असेल तर केसांचे तेल बदलण्याआधी ते बघा.

सूनबाईंचे निघाले ९.१. बाळंतपणानंतर गोळ्या घेतल्या का, विचारले तर उत्तर सासूबाईंनीच दिले, "त्यानं पोट दुखतंय म्हणून मीच बंद केल्या वो बाई." मी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, चहाबरोबर घेऊ नका म्हटले. बाळंतपणाची गळती बहुधा वर्षाच्या आत आपोआप भरून येते, हेही दोघींना सांगितले. सासूबाईंना ते पटले की नाही कोण जाणे. जाताना त्या दारातून परत फिरल्या.

"मग घरात ते अडीच कॅन उरलेत, त्याचं काय करावं?"

सील फोडलेला अर्धा कॅन शेवटच्या तांब्यासाठी वापरा आणि दोन इन्व्हर्टरला ठेवा, मी म्हटले.

"आन् पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी त्याला बाजारातून खजूर आणि शेपूची जुडी आणायला सांगा."

"शेपू तो खात नाही," सूनबाई पहिल्यांदाच बोलल्या.