मधुमेहातील मज्जातंतू-विकार आणि न भरणाऱ्या जखमा : मावळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका इंद्रायणी तांदळासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात भातलावणी करणारे हात-पाय तासन्‌तास चिखलपाण्यात असतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पावसात पादत्राणे दिवसभर ओली राहतात. कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या पायऱ्या अनेक भाविक अनवाणी चढतात. निरोगी पायात काटा रुतला तर वेदना होते व पाय उचलला जातो. मधुमेहात ही सूचनाच हरपू शकते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे हा प्रश्न दुर्लक्षणीय नाही.

कारणमीमांसा :
रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतू व त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या यांची हानी होते. पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असल्याने प्रथम बोटांना मुंग्या येतात, नंतर बधिरता येते. घामाचे नियंत्रण बिघडून त्वचा कोरडी पडते व भेगा पडतात. रक्तपुरवठा अपुरा असल्यास जखमेस प्राणवायू कमी मिळतो. पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमताही घटते. त्यातच दुखत नसल्याने रुग्ण त्याच पायावर भार देत चालत राहतो, जखम खोल जाते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. ‘दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले होते की, हातापायांच्या जखमांचे मूळ बव्हंशी संवेदना हरपण्यात असते.

प्रतिबंध :
दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायास टेकवून संवेदना तपासता येते. ही चाचणी सोपी व अल्पखर्चिक आहे. रुग्णाने रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बोटांमधील ओल पुसावी, अनवाणी चालू नये, कुरूप स्वतः कापू नये आणि पाय गरम पाण्यात शेकू नयेत. शेतात गमबूट वापरावेत. ते घालण्यापूर्वी आत खडा वा काटा नाही ना, हे हाताने पाहावे. जखम लहान असली तरी त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

समारोप :
साखरेचे नियंत्रण हा उपचाराचा पाया आहे. परंतु संवेदना गमावलेल्या पायाचे रक्षण डोळ्यांनीच करावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांत डॉक्टरांच्या साहाय्याने पादतपासणीचा समावेश केल्यास महाविद्यालये या कार्यात मोलाचा वाटा उचलू शकतील.