दुखणे एकाचे, उपचार घराचा

दहावीतल्या मुलाचे पोट रोज सकाळी दुखते. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळे नॉर्मल. तीन डॉक्टर बदलून झाले. सुट्टीत मामाकडे आठ दिवस राहिला, तेव्हा मात्र एकदाही दुखले नाही. खोदून विचारल्यावर कळते, की आई-वडिलांत वर्षभर धड बोलणे नाही. निरोप मुलामार्फत जातात, ‘बाबांना सांग, जेवण वाढलंय.’ सुनेबद्दलची तक्रार आजीही नातवाकडेच करते. त्याचे पोट दुखले, की तिघेही भांडण विसरून एकाच रिक्षाने दवाखान्यात येतात.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अशी घरे आम्हाला नेहमी भेटतात. वरचे चित्र त्यांतील अनेकांचे मिळून केलेले आहे. मुलगा नाटक करत नसतो, पोट खरेच दुखत असते. पण गोळी एकट्या त्याला देऊन भागत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो कुटुंबोपचार, म्हणजेच फॅमिली थेरपी.

दोष कोणाचा, हा प्रश्नच नाही

‘कोणाचे चुकते?’ असे कुटुंबोपचारात विचारत नाहीत. ‘या घरात कोणती गोष्ट पुन:पुन्हा घडते?’ असे विचारतात. नवरा गप्प बसतो म्हणून बायको चिडते आणि बायको चिडते म्हणून नवरा अधिकच गप्प बसतो. या चक्राला सुरुवात कोणी केली हे शोधून काही हाती लागत नाही. ते थांबवायचे कसे, हे शिकता येते.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘त्रिकोणा’ची कल्पना मांडली. दोघांतला ताण असह्य झाला, की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते. बहुतेक वेळा ते मूल असते. कुटुंबातल्या पिढ्यांमध्ये योग्य सीमारेषा हवी, यावर साल्वादोर मिनुचिन यांनी भर दिला. मोठ्यांचे वाद मोठ्यांनीच सोडवावेत, त्याचे ओझे मुलांवर नको.

घराला उपचारात सामील करून घेणे आपल्याकडेही नवे नाही. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन सोबत राहायला बोलावले. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही कुटुंबाला उपचाराचा भाग मानले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांना आढळले, की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सतत टीका करणाऱ्या किंवा अतिकाळजीने घेरणाऱ्या घरी परतले, तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. टीकेमुळे हा आजार जडतो, असा याचा अर्थ नव्हे. पण घरातले बोलणे बदलले, तर औषधांना साथ मिळते.

भेटीत काय होते?

पहिल्या भेटीत थेरपिस्ट प्रत्येकाला साधारण एकच प्रश्न विचारतात, ‘तुमच्या मते अडचण काय आहे?’ एका घरात चार उत्तरे येतात आणि ती सगळे प्रथमच एकमेकांसमोर ऐकतात. दोन-तीन पिढ्यांचा नकाशा कागदावर काढला जातो. कोणाचे कोणाशी जमते, कोणाशी अबोला आहे, कोणता मृत्यू किंवा कर्ज अजून छळते आहे, हे त्यातून दिसते. घरी करायला छोटे काम मिळते, उदाहरणार्थ रोज 15 मिनिटे आई-वडिलांनी समोरासमोर बोलायचे, निरोप मुलामार्फत द्यायचा नाही. कधी सगळ्यांना, कधी फक्त दांपत्याला बोलावतात. एखादा सदस्य यायला तयार नसेल, तर जे तयार आहेत त्यांच्यापासून सुरुवात करता येते. एकाने वागणे बदलले, तरी चक्राची गती बदलते.

थेरपिस्ट कसा निवडावा?

कोणीही ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावू शकतो, त्यामुळे शिक्षण विचारण्यात संकोच नको. मानसोपचारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. मानसोपचारातील प्रशिक्षित समाजसेवकही हे काम चांगले करतात. फोनवरच चार गोष्टी विचारा. कुटुंबासोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण आहे का? आजी-आजोबांना समजेल अशा भाषेत बोलणे होईल का? एकाने खासगीत सांगितलेले दुसऱ्याला सांगणार का? फी किती? दोन-तीन भेटींनंतर, कशावर काम करायचे आणि साधारण किती भेटी लागतील, हे त्यांना सांगता आले पाहिजे. पहिल्याच भेटीत जो एकाची बाजू घेतो किंवा आठवडाभरात घर सुधारून देतो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहा.

नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. वाशी-बेलापूरकडचा भाग ठाण्यात, खारघर-पनवेलचा रायगडमध्ये. त्यामुळे सरकारी सेवेसाठी कोठे जायचे, असा गोंधळ होतो. जवळच्या महापालिका किंवा सरकारी रुग्णालयात मानसोपचार ओपीडीचा वार विचारा. नेरुळ आणि कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही आहे. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

कधी थांबावे?

घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर सगळ्यांना एकत्र बसवू नये. तेथे खरे बोलणाऱ्याला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते. आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल किंवा भास-भ्रम होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

बाकीच्या घरांनी फार उशीर करू नये. अबोल्याला जितकी वर्षे होतात, तितका तो सवयीचा होतो आणि सवयीची किंमत बहुधा घरातले सर्वांत लहान माणूस मोजते. घरी विषय काढताना ‘तुझ्यासाठी डॉक्टरकडे जाऊ’ असे म्हणू नका. ‘आपल्या सगळ्यांना जड जातंय, एकदा जाऊन बघू’ असे म्हणा. त्या वाक्यात कोणीच आरोपी नसतो, त्यामुळे ‘हो’ म्हणणे सोपे जाते.