गेन्स भावंडांतली थोरली

२००६च्या मार्चमध्ये लेनर्ड स्किनर्ड या अमेरिकी बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. मानकरी म्हणून नऊ जणांची नावं घेतली गेली. त्यात गिटारवादक स्टीव्ह गेन्स होता. बँडमध्ये तो जेमतेम दीड वर्ष होता. त्याची थोरली बहीण कॅसी त्याच्याआधी बँडमध्ये आली, पुढे सगळा काळ त्याच रंगमंचावर गायली आणि त्याच विमानात, त्याच संध्याकाळी गेली. त्या नऊ नावांत ती नाही.

स्टीव्हचा मान कुणी काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. तो मोठा वादक होता. प्रश्न एवढाच की त्याला तिथवर आणलं कुणी?

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या या पोरांचा सारा डौल गिटारींवर होता. त्याही एक-दोन नव्हे, तीन. पुढे उभा असायचा रॉनी व्हॅन झँट, अनवाणी, माइकचा दांडा धरून. अशा पुरुषी मांडणीत बायकांचा आवाज पहिल्यांदा ठळकपणे ऐकू आला तो भाडोत्री होता. १९७४च्या ‘स्वीट होम अलाबामा’वर मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग या दोघी कृष्णवर्णीय गायिकांनी साथ केली. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या, ते हेच अलाबामा. क्लेटननं पुढे मुलाखतींत सांगितलं की आधी हे काम घ्यायलाच ती तयार नव्हती. आज ते गाणं लग्नाच्या पार्ट्यांत वाजतं, तेव्हा मागचे आवाज कुणाचे आणि ते कोणत्या मनःस्थितीत लागले, याचा विचार कुणी करत नाही. मीही वर्षानुवर्षं फक्त गिटारच ऐकत होतो.

१९७५ साली बँडची घडी विस्कटली. दौऱ्यांनी सगळे पिचले होते आणि मे महिन्यात एड किंग हा तिसरा गिटारवादक दौरा अर्ध्यावर टाकून निघून गेला. तीन गिटारींचा बँड दोन गिटारींवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉनीनं तीन गायिका कायमच्या सोबत घेतल्या: जोजो बिलिंग्स्ली, लेस्ली हॉकिन्स आणि कॅसी गेन्स. नाव पडलं ‘हाँकेट्स’. रे चार्ल्सच्या ‘रेलेट्स’, आइक टर्नरच्या ‘आयकेट्स’, त्याच वळणाचं. १९७६च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘गिमी बॅक माय बुलेट्स’वर त्यांचे आवाज आहेत. तो अल्बम बेताचाच. तिसऱ्या गिटारीची जागा रिकामी आहे हे कान देऊन ऐकलं की कळतं आणि कोरसनं ती भरून निघत नाही. निघणार तरी कशी?

ती जागा भरली कॅसीनं, पण गाऊन नाही. मिसुरी आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या भागात ही भावंडं वाढली. कॅसी १९४८ची, स्टीव्ह पुढच्या वर्षीचा. गिटारवादकाचा शोध चालू आहे म्हटल्यावर तिनं धाकट्या भावाचं नाव लावून धरलं. कोरसमधल्या बाईच्या भावाला ऐकायचं, म्हणजे भिडेखातर ऐकायचं, अशीच मंडळींची समजूत असणार. मे १९७६मध्ये कॅन्सस सिटीतल्या कार्यक्रमात त्याला थेट रंगमंचावर चढवलं. ‘टी फॉर टेक्सस’ हे जिमी रॉजर्सचं जुनं गाणं चालू होतं. रंगमंचावरच्या गदारोळात इतरांना त्याचं वादन धड ऐकूही आलं नाही. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या केव्हिन एल्सननं मात्र हेडफोन लावून ते नीट ऐकलं आणि हा मुलगा पक्का आहे असा निर्वाळा दिला. काही आठवड्यांत स्टीव्ह बँडमध्ये होता.

लगेच जुलैत अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये तीन रात्री कार्यक्रम झाले आणि त्यांतून ‘वन मोअर फ्रॉम द रोड’ हा दुहेरी अल्बम निघाला. इतका नवखा वादक घेऊन लाइव्ह रेकॉर्डिंग करायचं म्हणजे धाडसच, पण तिथला स्टीव्ह जन्मापासून याच बँडमध्ये असल्यासारखा वाजवतो. ऑगस्टमध्ये इंग्लंडमधलं नेबवर्थ, रोलिंग स्टोन्सच्या आधीचा कार्यक्रम, समोर लाखाहून अधिक माणसं. तिथलं चित्रीकरण उपलब्ध आहे. पुढच्या वर्षीच्या ओकलंडच्या कार्यक्रमाचंही आहे. गिटारींची झुंज लागली की कॅमेरा साहजिकच बोटांवर जातो. तो तसा गेला नाही, अशा क्षणी या तिघींकडे बघावं. ‘स्वीट होम अलाबामा’ आता त्यांचं झालेलं दिसतं. एका माइकपाशी जवळजवळ उभ्या, ठेक्यावर डोलत, ध्रुवपदाला एकदम आवाज लावणाऱ्या. रॉनीच्या आवाजाचा पल्ला फार मोठा नव्हता. तो बोलल्यासारखं, रोखून गायचा. वरची पट्टी या बायकांनी सांभाळल्यामुळे त्याला खाली निवांत राहता आलं, असं माझं मत आहे.

१७ ऑक्टोबर १९७७ला ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ आला. गाणी आठ, त्यांतल्या चार गाण्यांवर स्टीव्हचं नाव: दोन एकट्याची, दोन रॉनीबरोबर. एका गाण्यात रॉनीनं त्याला पुढे बोलावून बरोबरीनं गायला लावलं. ‘दॅट स्मेल’ दारू, नशा आणि मरणाबद्दल आहे. बँडचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन यानं नशेत गाडी झाडावर घातली, त्यावरून सुचलेलं. त्यात शेवटाकडे कोरस ज्या तऱ्हेनं चढत जातो, त्यानं अंगावर काटा येतो. तिथं बायकांचे आवाज काढून टाकले तर उपदेश उरेल. ते असल्यामुळे धाक आहे.

अल्बम आला त्याच आठवड्यात दौरा सुरू होता आणि प्रवास एका जुन्या कन्व्हेअर विमानातून होता. हेच विमान आधी एरोस्मिथच्या लोकांनी पाहून नाकारलं होतं. दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला जाताना उजव्या इंजिनातून ज्वाळा निघालेल्या प्रवाशांनी पाहिल्या. कॅसी घाबरली होती. त्या विमानापेक्षा सामानाच्या ट्रकमधून, अवघडून बसून का होईना, जाते असं तिचं म्हणणं होतं. तिची समजूत घालून तिला विमानात बसवलं गेलं. जोजो त्या वेळी घरी होती. तिला विमान कोसळल्याचं स्वप्न पडलं आणि तिनं फोन करून बँडचा गिटारवादक ॲलन कॉलिन्स याला त्या विमानातून जाऊ नका म्हणून विनवलं. स्वप्नाची गोष्ट लोक आवडीनं सांगतात. मला ट्रकची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डोळ्यांनी पाहिलेल्या आगीला भिणं हा शहाणपणा होता.

२० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, बॅटन रूजच्या वाटेवर, मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात विमान कोसळलं. इंधन संपलं होतं. वैमानिकांनी इंधनाकडे लक्ष दिलं नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उजव्या इंजिनातल्या बिघाडामुळे ते नेहमीपेक्षा जास्त जळत होतं, हेही त्यात आलं. सव्वीस जणांपैकी सहा गेले: रॉनी, स्टीव्ह, कॅसी, सहायक व्यवस्थापक डीन किलपॅट्रिक आणि दोघे वैमानिक. लेस्लीची मान मोडली, चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या, पण ती वाचली. अल्बमच्या मुखपृष्ठावर बँडचे लोक ज्वाळांत उभे होते. स्टीव्हच्या पत्नीच्या विनंतीवरून ते चित्र मागे घेतलं गेलं.

कॅसी पुढे लोकांच्या बोलण्यात राहिली ती मुख्यतः मरणामुळे. बँडचा पियानोवादक बिली पॉवेल यानं १९९०च्या दशकात टीव्हीवर तिच्या अखेरच्या क्षणांचं रक्तरंजित वर्णन केलं. इतरांनी ते खोडून काढलं, रॉनीच्या पत्नीनं तर शवविच्छेदनाचे अहवालच जाहीर केले. एकोणतीस वर्षं जगलेल्या गायिकेबद्दलचा सर्वांत गाजलेला वाद तिचा प्राण कसा गेला याचा असावा, हे फार वाईट आहे.

वाचलेल्या वादकांनी १९८०च्या सुमारास रॉसिंग्टन कॉलिन्स बँड काढला, तेव्हा रॉनीशी तुलना टाळायची म्हणून मुख्य गायक म्हणून बाई निवडली. डेल क्रँट्झ, त्याआधी रॉनीच्या भावाच्या ‘३८ स्पेशल’ बँडमध्ये कोरसला होती. तिचा आवाज जाड, खरखरीत, कुणाच्या मागे लपणारा नव्हे. दोन अल्बम करून तो बँड विस्कटला. १९८७ला मूळ नावानं दौरा निघाला, पुढे रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी उभा राहिला आणि डेल पुन्हा मागच्या माइकवर गेली. मधल्या काळात तिचं गॅरी रॉसिंग्टनशी लग्न झालं होतं. आज तिची ओळख शोधायला गेलं की ‘रॉसिंग्टनची पत्नी’ हेच आधी सापडतं, जसं कॅसीच्या बाबतीत ‘स्टीव्हची बहीण’.