स्टिअरिंगचा दांडा: वळवणारा आणि वाचवणारा



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून तुम्ही कधी पायी गेला आहात का? एका दारात लेथवर लोखंडाचे वळसे सुटत असतात, तर शेजारच्या दारात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. समजा, अशाच एका गॅरेजपुढे जीपच्या जातीची जुनी पिकअप गाडी उभी आहे. मागे मालासाठी उघडा हौदा, पुढे दोन-तीन माणसांपुरती जागा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घराण्यातील मालवाहू गाड्याही निघाल्या. आज हौशी मालक अशी गाडी हुडकून आणतात, तिला नवा रंग देतात, नव्या गाद्या बसवतात. पण जाणता मिस्त्री रंगाकडे पाहत नाही. तो विचारतो, "मालक, स्टिअरिंगचा दांडा बघितलाय काय?"

त्याने हाच प्रश्न आधी का विचारला, ते आपण पाहू.

दांड्याचे पहिले काम

चाक आणि आस हे साधे यंत्र तुम्ही शाळेत शिकला आहात. स्टिअरिंगचे चाक ही मोठी त्रिज्या, तर दांडा ही लहान त्रिज्या. चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि दांड्याची १ सेंटिमीटर असेल, तर चाकाच्या कडेवर लावलेले बल दांड्याच्या पृष्ठभागाशी २० पट होते. अर्थात अंतर त्याच प्रमाणात कमी होते. निसर्ग फुकट काही देत नाही!

जुन्या जीपमध्ये हा दांडा वरपासून खालपर्यंत सलग असतो. त्याच्या खालच्या टोकाला मळसूत्रासारखी खाच कोरलेला भाग असतो आणि तो स्टिअरिंग बॉक्समध्ये बसतो. या खाचेत दोन खुंट्या अडकवलेल्या असतात. दांडा फिरला की खुंट्या सरकतात, त्यांना जोडलेला हात हलतो आणि पुढे सळ्यांच्या साखळीतून गाडीची चाके वळतात. स्टिअरिंग साधारण १२ ते १४ अंश फिरवावे, तेव्हा तो हात १ अंश हलतो. माल भरलेल्या गाडीची चाके माणसाच्या दोन हातांनी वळतात, ती यामुळेच.

मात्र अनेक वर्षे घासून खाच झिजते, खुंट्या झिजतात, सळ्यांचे सांधेही ढिले होतात. मग स्टिअरिंग चार बोटे फिरवले, तरी चाके जागची हलत नाहीत. याला मिस्त्री 'प्ले' म्हणतात. सपाट रस्त्यावर चालक सवयीने सांभाळून घेतो. पण कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटातील वळणावर ही चार बोटे फार महाग पडू शकतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसता दांडा बदलून प्ले जात नाही. बॉक्स आणि सांधे तपासावेच लागतात.

दांड्याचे दुसरे काम

आता समजा, गाडी समोरून कशावर तरी आदळली. गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि स्टिअरिंग बॉक्स मागे ढकलला जातो. दांडा सलग असल्यामुळे तोही मागे येतो, थेट चालकाच्या छातीकडे. त्याच क्षणी न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे चालकाचे शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात असते. म्हणजे भाला एकीकडून येतो आणि छाती दुसरीकडून!

हिशेब करून पाहू. धडाचे वस्तुमान ३५ किलोग्रॅम आणि स्टिअरिंगवर आदळतानाचा वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ मीटर धरा. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की गतिज ऊर्जा मिळते. ती येथे सुमारे ७८० जूल भरते. धड थांबायचे, तर ही ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायलाच हवी. ऊर्जेला थांबण्याच्या अंतराने भागले की सरासरी बल मिळते.

दांडा ताठ राहिला आणि धड २ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर बल होते सुमारे ३९,००० न्यूटन. म्हणजे छातीवर जवळजवळ ४ टनांचा भार! पण दांडा दबत गेला आणि धड १५ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर बल होते सुमारे ५,२०० न्यूटन. ऊर्जा तीच, वेग तोच, फक्त अंतर वाढले. क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे नेता, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आकाशकंदिलासारखा दांडा

हे तत्त्व वापरून अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९६७ सालच्या आपल्या मोटारींत दबणारा दांडा बसवला. त्याच्या बाहेरच्या नळीचा एक भाग जाळीदार होता. घडीचा आकाशकंदील वरून दाबला की जसा मिटतो, तशी ही जाळी धक्क्याने मिटत जाई. आतला फिरणारा दांडा दोन तुकड्यांचा होता आणि एक तुकडा दुसऱ्यात सरकू शकत असे. एरवी ते सरकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या लहान खुंट्या होत्या. धक्का बसला की त्या तुटत. पुढे दुसरी युक्तीही आली. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्यांमध्ये पोलादी गोळ्या घट्ट बसवतात. नळ्या एकमेकींत सरकताना या गोळ्या धातूत चरे पाडतात आणि त्यातच ऊर्जा खर्च होते.

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारींसाठी दोन नियम लागू झाले. पहिला असा : ताशी २४ किलोमीटर वेगाने धडाचा नमुना स्टिअरिंगवर आदळला, तर त्यावर सुमारे ११,००० न्यूटनपेक्षा अधिक बल येता कामा नये. दुसरा असा : ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर दांड्याचे वरचे टोक १२७ मिलिमीटरपेक्षा अधिक मागे येता कामा नये. १९८१ मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने अपघातांच्या नोंदी तपासल्या. समोरासमोरच्या धडकांत चालकांच्या मृत्यूचा धोका अशा दांड्यांमुळे सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले.

जुन्या गाडीत नवा दांडा

जुन्या पिकअपमध्ये असा दांडा बसवताना सलग दांडा निघतो, आणि खाच त्याच्याच टोकाला असल्यामुळे बॉक्सही बदलावा लागतो. नव्या बॉक्समधून आखूड टोक बाहेर येते. ते टोक आणि वरचा दबणारा दांडा यांना एक मधला दांडा जोडतो. तो सरळ रेषेत नसतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट लागतात. दोन काटे आणि मध्ये अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा क्रॉस, अशी त्याची रचना असते. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचे नाव या जोडाशी निगडित आहे.

या जोडाची एक खोड आहे. वरचा दांडा एकसारखा फिरवला, तरी खालचा एकसारखा फिरत नाही. कोन ३० अंशांचा असेल, तर प्रत्येक फेऱ्यात खालच्या दांड्याचा वेग दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. अशा स्टिअरिंगचा हाताला भरवसा वाटणार नाही. उपाय सोपा आहे. दोन्ही जोडांचे कोन समान ठेवायचे आणि मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एकाच पातळीत ठेवायचे. मग एका जोडाची चूक दुसरा जोड भरून काढतो. काटा एक दाता चुकवून बसवला, तर मात्र हा मेळ बिघडतो.

प्रयोग करून पाहा

जाड कागदाच्या दोन नळ्या करा. एक दुसरीत सहज सरकली पाहिजे. लहान नळी मोठीत ५ सेंटिमीटर घाला आणि दोन्हींतून आरपार एक आगकाडी खोचा. आता वरची नळी हळूच पिळा. खालचीही फिरेल. मग नळ्या टेबलावर उभ्या धरून वरून तळहाताने एकदम दाबा. काडी मोडेल आणि नळी आत सरकेल.

आता काडीऐवजी लोखंडी खिळा घालून तसेच दाबा. खिळा मोडणार नाही. नळी तरी चुरगळेल, नाहीतर तळहाताला चांगलाच दणका बसेल. पहिला दांडा वळवतो आणि वाचवतोही. दुसरा फक्त वळवतो.

ही आगकाडी लक्षात ठेवा. दबणारा दांडा लांबीला बसत नाही म्हणून कोणी तो कापून मध्येच वेल्डिंग मारले, तर त्याने काडी काढून खिळा घातला असे समजा. बाहेरून दोन्ही दांडे सारखेच दिसतील. शिवाय वेल्डिंगजवळचा धातू तापून त्याचे गुण बदलतात आणि रोजच्या पिळाने तेथे तडा जाऊ शकतो. म्हणून खाचा-दात्यांनी बसणारे, कारखान्यात याच कामासाठी बनवलेले भागच वापरावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांविषयी नियम आहेत, तेव्हा आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. आणि पट्टा बांधावाच. दबणारा दांडा पट्ट्याची जागा घेत नाही.

पुढच्या वेळी एखादी जुनी, चकचकीत रंगवलेली पिकअप दिसली, तर तिचे कौतुक जरूर करा. मग मालकाला नम्रपणे विचारा, "काका, हिच्या दांड्यात आगकाडी आहे की खिळा?" ते चकित होतील. तुम्ही त्यांना कागदाच्या दोन नळ्या दाखवा.