भोके असलेली होडी आणि पावसाचे पाणी

जुलै महिन्यात नेरळहून कळंबच्या रस्त्याला लागले, की पोशीरच्या आसपास पाऊस म्हणजे काय ते कळते. भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात, समोरचा माथेरानचा डोंगर दिसेनासा होतो आणि पोशीर नदी तांबड्या पाण्याने वाहत असते. हे पाणी पुढे उल्हास नदीत जाते. उल्हासचे पाणी चढले की काय होते, ते २७ जुलै २०१९ रोजी सगळ्यांनी पाहिले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या तेव्हा रुळांच्या बाजूने चालत होत्या.

अशा वेळी लागणारी होडी वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी असते. आम्ही एका जलाशयाच्या काठी अशी एक जुनी फायबरची मोटरबोट पाहिली. पावसाचा जोर आठवडाभर होता. होडीची मागची बाजू पाण्याखाली गेली होती, नाक वर आले होते आणि इंजिनाचे डोके जेमतेम दिसत होते. नदीचे किंवा लाटांचे पाणी तिच्यात शिरले नव्हते. ती फक्त पावसाने भरली होती. नवलाची गोष्ट अशी, की आत आलेले पाणी आपोआप बाहेर टाकणारी होडी म्हणूनच ती घेतलेली होती.

पाणी आपोआप बाहेर कसे जाते? याच रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. तिथल्या रबरी तराफ्यांच्या तळाला कडेने भोके असतात. सहलीला गेलेले विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, भोके आहेत तर हा बुडत कसा नाही?” प्रश्न उत्तम आहे. तराफ्याचा तळ हवेने फुगवलेला जाड गादीसारखा असतो. त्याचा वरचा पृष्ठभाग नदीच्या पाण्यापेक्षा उंच राहतो. लाट आत आली, की पाणी त्या उंच तळावरून भोकांकडे आणि भोकांतून खाली नदीत जाते. मोटरबोटीत गादीच्या जागी दुहेरी बांधणी असते. खाली होडीचे कवच, वर डेक आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी किंवा फेस. डेकला मागे थोडा उतार असतो आणि मागच्या फळीत निचऱ्याची भोके असतात. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंग यांच्या ज्या जीवरक्षक नौकेला १८५१ साली बक्षीस मिळाले, तिच्यातही पाणी बाहेर सोडणाऱ्या, झडपा लावलेल्या नळ्या होत्या.

या साऱ्यात पंप कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. काम करते ती फक्त उंची. भोक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल तरच डेक पूर्ण कोरडा होतो. भोक त्या पातळीखाली गेले तर बाहेरचे पाणी आत येते आणि आतबाहेर पातळी सारखी होईपर्यंत येत राहते.

आता पावसाचा हिशेब करू. होडीचा उघडा भाग ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ १० चौरस मीटर होते. त्यावर १०० मि.मी. पाऊस पडला, की १००० लिटर म्हणजे एक टन पाणी जमते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. आपल्या होडीवर तो साडेनऊ टनांच्या जवळपास झाला असता.

आकडा भीतिदायक आहे खरा, पण भोकांची ताकदही पाहू. तासाला १०० मि.मी. असा धो धो पाऊस धरला, तरी होडीत मिनिटाला सुमारे १७ लिटर पाणी पडते. भोकाचा व्यास ४ से.मी. आहे आणि मागच्या कोपऱ्यात भोकावर ४ से.मी. पाणी साचले आहे असे समजू. टॉरिसेलीच्या नियमाने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.९ मीटर येतो. भोकातून धार बाहेर पडताना आकसते, म्हणून प्रवाहाचे उत्तर ०.६ ने गुणावे. तरी मिनिटाला ४० लिटर पाणी जाते! म्हणजे एकच भोक अशा पावसाला पुरून उरते. मग आम्ही पाहिलेली होडी भरली कशी?

पहिले उत्तर अगदी साधे आहे. झाडाखाली बांधलेल्या होडीत आंब्याची चार पाने भोकावर बसली, की सगळे गणित संपते. दुसरे उत्तर होडीच्या वयात आहे आणि ते जास्त महत्त्वाचे आहे.

होडी जिथे पाणी कापते तिथले तिचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर आहे असे धरू. ती १ से.मी. आणखी बुडायला ८० लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजे ८० किलो वजन लागते. भोक पाण्यापासून ६ से.मी. वर असेल, तर ते पाण्याला टेकायला ४८० किलो हवेत. पुष्कळ झाले, असे वाटते. पण हे वजन मध्यभागी ठेवले तर. तेच वजन अगदी मागच्या टोकाला ठेवले, तर आयताकृती होडीचे ते टोक चौपट खाली जाते आणि पुढचे टोक उलट वर उचलले जाते. (बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे चौपटीचे उत्तर काढून पाहावे.) म्हणजे मागे १२० किलो वाढले, की भोक पाण्याला टेकले. जुन्या होडीत एवढी भर कळत नकळत पडते. टू-स्ट्रोक इंजिन जाऊन त्याहून जड फोर-स्ट्रोक येते. दुसरी बॅटरी बसते. पेट्रोलचा २५ लिटरचा कॅन मागेच ठेवला जातो, तो १९ किलोंच्या आसपास भरतो. समुद्रातली होडी गोड्या पाण्यात आणली तर तीही किंचित जास्त बुडते, कारण गोडे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असते.

सगळ्यांत फसवे वजन पोटातले. डेकवरच्या झाकणाचे रबर कडक होते, स्क्रूंच्या भोवतीचा मसाला सुटतो, निचऱ्याच्या नळीला चीर जाते. डेकवरून बाहेर जायचे पाणी मग कवच आणि डेक यांच्यामधल्या पोकळीत झिरपते. तिथला फेस वर्षानुवर्षे ओला राहून पाणी धरतो. मोकळे पाणी उताराने मागे धावते, मागची बाजू आणखी दबते, भोक आणखी खाली जाते आणि आता पावसाच्या जोडीला जलाशयही आत येऊ लागतो. आम्ही पाहिलेल्या होडीचे हेच झाले असावे.

वर्गात हे दाखवायला आइस्क्रीमचा चौकोनी डबा घ्यावा. त्याच्या तळाखाली थर्मोकोलचा जाड तुकडा रबरबँडने बांधावा. (काही गोंदांनी थर्मोकोल विरघळतो.) तापवलेल्या सुईने डब्याच्या एका टोकाच्या भिंतीला, तळालगत भोक पाडावे. डबा घमेल्यात तरंगवून आत पाणी ओतले, की ते भोकातून निघून जाते. आता भोकाच्या बाजूला एकेक खडा ठेवत जावे. एका खड्याला प्रवाह उलटतो! डबा भरतो, पण थर्मोकोलमुळे बुडत नाही. न बुडणारी होडी आणि कोरडी राहणारी होडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथे दिसते. थर्मोकोलच्या जागी स्पंज बांधला, तर जुन्या फेसाचे काय होते तेही कळते.

होडीवर उपाय करताना आधी तिच्या अंगावरची शेवाळाची रेघ पाहावी. पाणी बहुतेक वेळ कुठवर असते ते ती रेघ सांगते. भोके रेघेच्या खाली असतील, तर पंप विकत घेण्याआधी वजन कमी करावे. बॅटरी आणि पेट्रोल पुढे सरकवावे. ट्रेलरसकट वजनकाट्यावर वजन करून बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. फेस भिजला असेल तर ते तिथे उघड होते.

पंपावर आमचा फारसा विश्वास नाही. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ३ अँपिअर घेणाऱ्या पंपाला कागदावर २० तास पुरते, जुनी असेल तर निम्मेही नाही. आणि आपल्याकडची झड चार-चार दिवस चालते. शिवाय पंपाच्या नळीचे बाहेरचे तोंड पाण्यात बुडाले आणि पंप थांबला, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी उलटे आत येते. तोंड पाण्याच्या बरेच वर हवे.

सर्वांत चांगले म्हणजे पाऊस आत येऊच न देणे. ताडपत्री सपाट ताणली, तर ती खोलगट होते. एका चौरस मीटरवर १० से.मी. पाणी साचले, की १०० किलोंचा भार टांगला जातो आणि एके रात्री दोरी तुटते. मधोमध बांबूचा कणा घालून दोन्ही बाजूंना चांगला उतार द्यावा. कर्जतच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायच्या इरल्याला तो बाक उगाच दिलेला नसतो. कडा होडीच्या काठाबाहेर लोंबाव्यात, पण हवा खेळायला फट असावी, नाहीतर आत बुरशी धरते.

जमत असेल तर रायगडच्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव करतात तेच करावे. पावसाच्या तोंडावर होडी पाण्याबाहेर ओढावी आणि शाकारून ठेवावी. जमिनीवर ठेवताना नाळ, म्हणजे होडीचे नाक, वर उचलावी आणि मागच्या फळीत तळाशी असलेले बूच काढून ठेवावे. मग पोटात झिरपलेले पाणीही आपोआप गळून जाते. फक्त होडी पाण्यात घालताना ते बूच परत बसवायला हवे. पुराच्या घाईत नेमके हेच विसरले जाते, म्हणून बूच आणि इंजिनाची किल्ली एकाच दोरीत बांधून ठेवतात.